अर्ध्या मिशीची पैज

पैज लागली जिन्यात, आणि लावली कोणी, तर एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही अशा दोघांनी. वरच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, तुझी पोरगी तुला नाही, माझ्या कोटाला ओळखेल. खालच्या मजल्यावरचा आचारी म्हणाला, बनियनवर उभा राहिलो तरी ओळखेल. या आचाऱ्याला सगळी इमारत फोडणी म्हणायची, कारण जिन्यात आधी त्याचा वास यायचा, मग तो. ठरलं असं की पोरगी बसनं येईल त्या दिवशी शिंप्यानं कोट घालून स्टँडवर यायचं, आचाऱ्यानं कामाच्या शर्टात. दोघांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही. हरेल त्याची अर्धी मिशी न्हाव्यानं तिथंच, चारचौघांत उतरवायची. न्हावी पायरीवरच बसला होता. त्यानं हे पुण्यकर्म फुकटात करायचं कबूल केलं.

आता कोटाची भानगड सांगायलाच हवी. अकरा वर्षांपूर्वी आचारी या परक्या मुलखात आला तेव्हा पोरगी सहा वर्षांची. घरी ठोकून दिलं होतं, हॉटेलात मॅनेजर आहे. होता कांदे चिरायला. फोटो पाठवा म्हणून बायकोचा तगादा. शिंप्याकडे एक गिऱ्हाईक निळा कोट शिवायला टाकून जे गायब झालं ते झालंच. तो कोट चढवून हॉटेलच्या दारात फोटो काढायचं ठरलं. पण आचारी तो आचारीच. आठवड्याचं वाटण एकदाच करायचं आणि रोज लागेल तेवढं काढायचं, ही त्याची खोड. पठ्ठ्यानं एकाच दुपारी शर्ट बदलून, कधी चष्मा लावून, कधी काखेत वही धरून बारा फोटो काढून घेतले. मग दर वर्षी पत्रातून एक. फोनवर नुसता आवाज, कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगून ठेवलेलं.

त्यामुळे तिकडे बाप एका दिवसानंही म्हातारा झाला नाही. इकडे भट्टीपुढं केस गेले, गाल बसले, मानेवर उकळत्या तेलाचा डाग पडला, बुटक्या ओट्यानं पाठीला बाक आला. शाबूत राहिली ती मिशी. मालक कुरकुरायचा, हा वर फडकं बांधायचा, पण मिशी राखलीच.

बायको गेली तेव्हा यानं सुट्टी मागितली. मालक म्हणाला, जा की, तुझ्या शेगडीवर दुसरा उभा असेल. त्या दिवशी दोनशे पानांची पार्टी होती. यानं दोनशे पानं वाढली. आता मागं पोरीला सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती बापाकडे राहायला निघाली होती. यानं खोलीचा कोपरान् कोपरा घासला, दुसरी खाट आणली, खाटेला पडदा लावला.

बस आली. आचारी दाराला चिकटूनच उभा. मिशीला तेल लावलेलं. मागं दहा पावलांवर कोटातला शिंपी, गाल आत ओढून हसू दाबत. बाजूला पेटी घेऊन न्हावी.

पोरगी उतरली. आईचाच चेहरा. आचाऱ्याचे हात आपोआप पुढं झाले. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, नाक किंचित आक्रसलं, आणि अदबीनं म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का?"

तो बाजूला झाला. ती धावली ती थेट कोटाकडे. बाही धरून "बाबा" म्हणाली आणि रडायलाच लागली.

शिंप्याचं हसू जागच्या जागी गेलं. त्यानं हळूच बाही सोडवली. "अगं, मी शिंपी. तुझे बाबा ते."

तिनं वळून पाहिलं. पिशवीतून फोटो काढला, फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. फोटो पिशवीत ठेवला. पाऊल काही उचललं नाही.

शिंपी आचाऱ्याजवळ येऊन कुजबुजला, "जाऊ दे रे, चेष्टा होती. पैज रद्द."

"पैज ती पैज," आचारी म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. "उघड पेटी."

रिकामटेकडे जमलेच. कोणी म्हणालं, मामा, कुठल्या बाजूची? कोणी म्हणालं, किलोनं विकणार का? न्हाव्यानं साबण लावला. आचाऱ्यानं मान सरळ ठेवली, पोरीला दिसेल अशी. सगळे हसले, तसा तोही हसला.

शिंप्यानं कोट काढून पोरीजवळ नेऊन ठेवला होता. ती ट्रंकेवर पाठमोरी बसली होती. कोट मांडीवर घेऊन बाहीवरच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत होती.

न्हाव्यानं वस्तरा पुसला. खालच्या आवाजात विचारलं, "राहिलेली पण काढू का? बरं दिसेल."

"नको," आचारी म्हणाला. "अर्धीचंच ठरलं होतं."