खिडकीखालची हेबे

“मर्ल, यातून फुटेल ना गं परत?”

मी नेल्सनहून, बहिणीकडून, तेवढ्यात घरी पोचले होते. हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. शेजारचा वॉटी त्याच्या अंगणात गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या पुढ्यात, फाटकापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत, नुसती खुंटं उभी होती. आयोलाच्या हेबे होत्या तिथं. कंबरेएवढी, दाट झुडपं, निम्मं वर्ष फुललेली.

“कुणी केलं हे?”

“मी.”

“प्यायला होतास?”

“नाही गं. ती यायच्या आधी जरा नीटनेटकं करावं म्हटलं. गुलाब नाही का छाटत ती? असेच, पार खालपर्यंत. मी बघितलंय तिला.”

“अरे गुलाब वेगळा, हेबे वेगळी! कधी छाटलंस?”

“तू गेलीस ना, त्याच आठवड्यात. मार्चमध्ये.”

आणि आता मे अर्धा सरला होता, आमच्याकडची थंडी सुरू झाली होती. मी बॅग तिथंच टाकली आणि पहिल्या खुंटाची साल नखानं खरवडली. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर गेलं. तपकिरी. दुसरं खरवडलं, तेही तपकिरी. वॉटी माझ्यामागून गुडघ्यांवरच सरकत येत होता, प्रत्येक खुंटापाशी श्वास रोखत होता. शेवटचं खुंट खिडकीखालचं. त्यालाही मी नख लावलं.

तेही गेलेलं होतं.

वॉटी आणि आयोला कोण, हे आमच्या रिव्हरटन गावात कुणी विचारणार नाही, पण तरी सांगते. वॉटी जन्मभर मटणाच्या कारखान्यात सुरी चालवत होता, हाडापासून मांस सोडवायचं काम. हात पक्का, तोंड बंद. घरातलं बोलणं सगळं आयोलाच्या वाट्याचं. ती त्याला अंगणातून हाक मारायची तर धक्क्यावरचे कोळी वळून बघायचे. झाडांच्या बाबतीत तर विचारूच नका. माझ्या एका झुडपाला मी चुकीच्या नावानं हाक मारली, तर बाईनं कुंपणावरून मला पंधरा मिनिटं झाडलं होतं. “ए बये,” म्हणाली, “स्वतःच्या पोरांची नावं तरी धड सांगता येतात का तुला?” असं तोंड. आणि मला ते तोंड आवडायचं, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत ती स्वयंपाकघरात कोसळली. पक्षाघात. तेव्हापासून डुनेडिनच्या इस्पितळात होती. वॉटी दर रविवारी गाडी काढून जायचा, तिच्या उशाशी बसायचा आणि परत यायचा. पाय सुधारला होता, हात सुधारला होता, बोलणं थोडं थोडं येत होतं. बाकीचं डोक्यातलं किती राहिलंय ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. “घरी न्या,” त्यांनी वॉटीला सांगितलं होतं, “ओळखीच्या वस्तू ओळखीच्या जागी असू द्या. त्यातूनच परत येतं, यायचं असेल तर.”

आणि या शहाण्यानं तिच्या ओळखीची एकुलती एक गोष्ट मुळापर्यंत कापून ठेवली होती.

“शुक्रवारी आणायचीय तिला,” वॉटी म्हणाला. “येत्या शुक्रवारी.”

“मग बसलायस काय असा? ऊठ!”

दुसऱ्या दिवशी आम्ही हुहानाच्या रोपवाटिकेत गेलो. बरं एवढंच की वॉटीनं छाटलेल्या फांद्या फेकल्या नव्हत्या, शेडमागं ढीग करून ठेवल्या होत्या. वाळून चामड्यासारख्या झाल्या होत्या, तरी पानं ओळखू येत होती. मी त्यातली प्रत्येक झाडाची एकेक काडी पोत्यात भरून घेतली.

हुहानानं पोतं टेबलावर ओतलं, एक काडी उचलली आणि वॉटीकडे बघितलं.

“गुलाबासारखी छाटलीस?”

वॉटीनं मान डोलावली.

“अरे देवा. हेबेच्या जुन्या लाकडाला डोळाच नसतो रे, फुटणार कुठून? इतकी वर्षं मेंढ्या सोलल्यास, पोट नाही भरलं?”

“बोल,” वॉटी म्हणाला. “बोल अजून. पण रोपं दे.”

त्यावर ती हसली आणि कामाला लागली. ही लांब पानांची, ही आपली कोरोमिको, ओढ्याकाठची, पांढऱ्या लोंबत्या तुऱ्यांची. ही राखाडी, आपोआप गोल वाढणारी. ही सुरूच्या झाडासारखी दिसते, खवलेवाली. समुद्र जवळ म्हणून तुमच्याकडे ही मोठ्या पानांचीही टिकली, आत डोंगराकडे असता तर पहिल्या हिमातच गेली असती. असं बोलत बोलत तिनं काड्यांचे छोटे ढीग केले. मी मनात म्हटलं, सुटलो.

“रोपं आहेत,” हुहाना म्हणाली, “पण वीतभर. आयोलाला काय आंधळी समजलात?”

माझ्या डोक्यात आलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याचाच राग आला. माझ्या बागेतल्या हेबे आल्या कुठून? आयोलानं कुंपणावरून दिलेल्या कलमांतून. कलम म्हणजे तेच झाड, दुसऱ्या मातीत. हुहानाच्या दारातला नमुन्याचा वाफाही तिच्याच कलमांचा. ती झाडं आता कंबरेला लागत होती.

“खणून काढायची,” मी म्हटलं. “माझ्याकडची मी देते. थंडी आहे, माती ओली आहे. मुळांसकट मोठा गड्डा काढला तर जगतील.”

“आणि तुझ्या बागेत काय, खड्डे?” वॉटी म्हणाला.

“माझ्या बागेत मी शोभेला पुरेशी आहे. तू खण.”

राहिली एकच काडी, खिडकीखालची. हुहानानं ती उजेडात धरली. पानाची लालसर कड बघितली, टोकाची कळी नखानं उकलली, पुन्हा बघितली.

“ही बाजारातली नाही. आपोआप उगवलेली दिसते. हेबे एकमेकींत मिसळतात, बी पडतं, कुठंतरी काहीतरी नवीन येतं. हिचं कलम कुणाकडे आहे?”

कुणाकडेच नव्हतं. आयोलानं सगळ्या गावाला कलमं वाटली, पण त्या एका झाडाला कुणाला हात लावू दिला नाही.

हुहाना आत जाऊन तीन मोठ्या कुंड्या घेऊन आली. “तिन्हींची पानं थोडीफार जुळतात. एक येते वाइनसारखी जांभळी, एक निळसर, एक गुलाबी. फुलाचा रंग सांगा, मग मी झाड सांगते.”

“जांभळा,” मी म्हटलं.

“गुलाबी,” वॉटी म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“अरे, जांभळा रे! मी कुंपणावरून बघते ना.”

“कुंपणावरून तुला छप्पर दिसतं. मी रोज सकाळी तिथं बसतो. टेबलाशी, पॉरिज खात. समोरच खिडकी.”

“मग सांग ना नक्की! कळीचा रंग कसा? देठापाशी पांढरा होता का?”

 वॉटीच्या मानेवर लाली चढत गेली. इतकी वर्षं समोर फुललेलं झाड, आणि या माणसाला रंग आठवेना! मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी माझ्याच मनात आलं, जांभळाच ना? की निळसर?

“ती उभी असायची खिडकीत,” वॉटी शेवटी म्हणाला. “भांडी घासत. तिच्यापलीकडचं मला कधी दिसायचंच नाही.”

“आयोला आहेच तेवढी रुंद,” मी म्हटलं. हुहाना फिस्सकन हसली. वॉटी हसला नाही. तो एका कुंडीपाशी जाई, पान बोटांत चोळी, मग दुसरीपाशी जाई. पुन्हा पहिलीपाशी येई. हुहानाचं दुसरं गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं. पण त्याला घाई कर म्हणायची माझी हिंमत होईना.

“एकदा वारा सुटला होता,” तो म्हणाला. “खिडकी उघडी होती. पाकळ्या उडून माझ्या पॉरिजमध्ये पडल्या. मी ओरडलो, आणि ती हसत सुटली. जांभळ्या होत्या. हो. जांभळ्याच.”

त्यानं जांभळीची कुंडी उचलली ती गाडीपर्यंत कुणाच्या हातात दिली नाही.

गुरुवारभर आम्ही खणलं. दक्षिणेचा गार वारा असा की डोळ्यातून पाणी यावं. वॉटी माझ्या अंगणातून एकेक झाड पोत्यात गुंडाळून उचलायचा आणि लहान मूल नेतात तसं जपून पलीकडे न्यायचा. हुहाना संध्याकाळी तिची झाडं टेम्पोतून उतरवून गेली. जाताना वॉटीला म्हणाली, “पाणी घाल, आणि कात्री मर्लकडे दे.” त्यानं खरंच दिली.

शुक्रवारी सकाळी तो डुनेडिनला निघाला. फक्त खिडकीखालची लावायची राहिली होती, ती माझ्यावर सोपवली. “जरा डावीकडे कललेली होती,” गाडीतून मान काढून तो म्हणाला. “तशीच लाव. आणि मर्ल, ती ओरडायला लागली ना, तर तू मध्ये बोलू नकोस. सगळं मी ऐकून घेईन. नुसती जिवाला जपून ओरडू दे म्हणजे झालं.”

मी लावली. डावीकडे कलली नाही म्हणून उपटली, पुन्हा लावली. आजूबाजूची ताजी माती झाकायला जुना पाचोळा पसरला. पाठ मोडून गेली होती. दुपारी चीज रोल करून ठेवले, आयोलाला आवडतात तसे, भरपूर कांदा घालून. पुन्हा बाहेर येऊन पाणी घालत होते, तोच गाडी वळताना दिसली.

आयोला काठी टेकत उतरली. बारीक झाली होती. हिरवा कोट तिला दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. वॉटी तिच्या कोपराला धरून चालत होता, आणि त्याची मान खाली होती.

फाटकातून आत येताच ती थांबली. पहिल्या झुडपाकडे बघितलं. कोरोमिको होती ती, माझ्या बागेतली, तिची एक फांदी नेताना मोडली होती आणि मी ती दोऱ्यानं बांधून ठेवली होती. मी मनात म्हटलं, आला, आता आला भडिमार. आयोला पुढं सरकली. दुसरं झुडूप. तिसरं. वॉटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती खिडकीपाशी आली, काठी भिंतीला टेकवली, हात लांब करून त्या नव्या झाडाचं पान चिमटीत धरलं आणि धरूनच राहिली.

माझ्या हातातल्या झारीतून पाणी माझ्याच बुटांवर सांडत होतं.

“छान आहे,” आयोला म्हणाली. “सगळं किती छान ठेवलंय.”

मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं, हसून म्हणाली, “तुम्ही लावलंत का हे?”



वॉटीनं टोपी काढली. “आयोला, ती तुझी नाही. तुझी मी मारली गं. पार खालून छाटली. सगळ्याच मारल्या मी. ही मर्लची, ती हुहानाची. बघ ना, नीट बघ. हिचं पान तरी तसं आहे का? बोल काहीतरी. बोल मला.”

तिनं त्याच्या हातावर थोपटलं. “असू दे,” ती म्हणाली. “वारा फार आहे. आत जाऊ या?”

ज्या शिव्यांची त्याला आठवडाभर धास्ती होती, त्या त्याला मिळाल्या नाहीत. तो तिला आत घेऊन गेला. मी घरी आले, दार लावलं आणि मोठ्यानं रडले.

पुढच्या आठवड्यात ऊन पडलं. मी माझ्या अंगणातले खड्डे बुजवत होते. पलीकडे वॉटी आयोलाला घेऊन बाहेर आला. तिच्या गळ्याशी त्यानं स्वतःचा मफलर गुंडाळला होता. तो पहिल्या झुडपापाशी थांबला आणि माझ्या कानावर आलं ते असं:

“हा बघ, हा सुरू.”

कोरोमिकोला! मी ताठ झाले. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. ती ऐकत होती. थोडा वेळ थांबून तो पुढच्या झाडाशी गेला, गोल राखाडी हेबेपाशी.

“ही रोझमेरी. रोझमेरीच ना गं?”

आयोला मान डोलवत होती. तो मुद्दाम करत होता. गुपचूप राहणारा तो माणूस धक्क्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं एकेक नाव चुकवत होता, आणि प्रत्येकानंतर थांबून वाट बघत होता. अशी दोघं खिडकीपाशी पोचली.

“आणि हा,” वॉटी म्हणाला, “हा कोबी.”

माझ्याच्यानं राहवेना. “अरे गाढवा,” मी कुंपणावरून ओरडणार एवढ्यात त्यानं हात वर केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता पंजा दाखवला, गप्प राहा म्हणून. नजर आयोलावर होती. मी तोंड मिटलं.

आयोलानं झाडाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. शाळेतली मुलगी बाईंच्या मागून म्हणते तसं, नीट, चूक होऊ नये म्हणून सावकाश म्हणाली, “कोबी.”

वॉटीचा हात खाली आला.  मग दुखरा गुडघा धरून खाली वाकला, एक फांदी तिच्याकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाला,

“नाही, आयोला. हेबे आहे ही. बघ, पानाची कड लाल आहे. पुन्हा सांगतो, पहिल्यापासून.”