साळूबाईला माईनं नेलं नाही

साळूबाई सापडली तेव्हा लोक नाचत होते.

आदल्या दिवशी मी झेंडू घेऊन नाशिकच्या बाजारात गेलो आणि रात्री तिथंच मुक्काम केला. सकाळी परतलो तर नदीवर हलगी वाजत होती. गर्दीनं मला वाट दिली. खालच्या बंधाऱ्याला अडकलेली माझी बायको वर काढून ठेवली होती आणि बायका तिच्या पायांवर हळदकुंकू वाहत होत्या. रात्रभर मला कुणी फोन केला नव्हता. नदीमाईची इच्छा असेल तर ती परत येईल, असं गावाचं ठरलं होतं.

"रडू नको, भारतनाना," सरपंच फकिराअण्णा म्हणाले. "लय पुण्यवान हाय तू. माईनं तुझी बायको पोटात घेतली."

"पोटात घेतली, मग बाहेर का टाकली?"

जलगिरी महाराजांनी डोळे मिटले. "देह परत दिला, जीव ठेवून घेतला. दहाव्याला इथं साळूमाईचा दगड बसवू. पुढच्या अमावास्येला दुप्पट लेकी उभ्या राहतील."

लोकांनी जयजयकार केला. कुणीतरी माझ्याच पाया पडलं.

महाराजांचा चमत्कार असा होता. अमावास्येला संध्याकाळी बायका कोरड्या पात्रात ओळीनं उभ्या राहायच्या. महाराज घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून ओरडायचे, "ये माई, लेकी बोलावतात!" मग शंख फुंकायचे. आभाळ मोकळं असलं तरी थोड्या वेळात नदी यायची, बरोबर गुडघ्यापर्यंत. त्या पाण्यानं दुखणं जातं म्हणायचे. साळूचे गुडघे दुखत होते. फुलं खुडताना तिला खाली बसता येत नव्हतं.

मी तिला म्हणालो होतो, "अगं, वर धरण हाय. वीजघर चाललं की पाणी सुटतं."

"ते मला बी म्हाईत हाय," ती म्हणाली. "पण त्यांना आधी कसं कळतं, ते सांगा की."

मी फुलं खुडत राहिलो.

पाणी सोडण्याआधी वाजवायचा धरणाचा भोंगा आमच्या घाटावरच आहे. महाराज म्हणाले, भोंग्यानं माई दचकते. पोरांनी वायर तोडली. धरणाच्या लोकांनी जोडली, पोरांनी पुन्हा तोडली. नंतर आलेल्या वायरमनला दगड मारले. तो काही परत आला नाही.

साळू पात्रात उभी राहिली त्या अमावास्येला वर डोंगरात मोठा पाऊस झाला होता. धरण जुनं, त्यात पाणी काठोकाठ तुंबवून ठेवता येत नाही. वीजघराच्या पाण्याबरोबर दरवाजेही उघडावे लागले. गुडघ्यापर्यंत येणारी नदी डोक्यावरून गेली. बाकीच्या बायका पळाल्या. जिचे गुडघे दुखत होते तिला पळता आलं नाही. महाराजांच्या धोतराला पाण्याचा थेंबही लागला नाही.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हर्षाली मॅडम भेटायला आल्या. मी त्यांना साळूचाच प्रश्न विचारला. त्या दोन दिवस नदीकाठानं वर फिरून आल्या आणि म्हणाल्या, "काका, दहाव्याला सगळा गाव घाटावर असेल. तुमची हरकत नसेल तर तिथंच उत्तर देते."

"द्या," मी म्हणालो.

दहाव्याला सकाळी महाराज शेंदूर लावलेला दगड घेऊन आले. "आज माई साळूला भेटायला येणार," त्यांनी जाहीर केलं. वीजघर सकाळीही चालतं, हे कुणी बोललं नाही.

मॅडमनी आधी सगळ्यांना पात्रातून वर काढलं. मग त्यांचा फोन वाजला. त्याच वेळी महाराजांच्या कमरेत भुणभुण सुरू झाली. त्यांनी शंख तोंडाला लावला, पण तो वाजायच्या आधी मॅडमनी शाळेच्या कवायतीची शिट्टी फुंकली.

आम्ही थांबलो. नदी आली.

मग एक म्हातारी किंचाळली, "मॅडमच्या अंगात आली!" आणि माणसं त्यांच्या पायांवर पडू लागली. कुणी कुंकवाचा करंडा उघडला.

"अहो, उठा!" मॅडम ओरडल्या. "वरच्या फरशीपुलावर आपल्या शाळेचे योगेश सर उभे आहेत. पाणी पुलाशी आलं, त्यांनी मला फोन केला. तिथून इथं यायला पाण्याला वेळ लागतो. पुलावर जप करत बसणारा महाराजांचा चेलाही हेच करतो. दाखवा महाराज, कमरेला काय आहे?"

महाराज म्हणाले, "भक्तांचे फोन येतात."

पोरांनी फोन हिसकावला. आलेला कॉल चेल्याचाच होता. अमावास्येच्या संध्याकाळचाही त्याचाच होता.

"चेला पाणी आलं एवढंच कळवतो," मॅडम म्हणाल्या. "किती येणार ते भोंगा सांगतो, दरवाजे उघडायचे असले की तो जास्त वेळ वाजतो. तो तुम्ही तोडलात."

फकिराअण्णा म्हणाले, "पन फोनला रेंज कुणी दिली? माईनंच ना?"

लोक हसले. मी हसलो नाही.

महाराज दुपारच्या गाडीनं निघून गेले. आता सटाण्याकडच्या एका गावात आहेत, असं ऐकतो. दगड मात्र इथंच राहिला. त्याच्यापुढं नारळाची दोन दुकानं लागली आहेत.

मी शिकलेला नाही, पण एवढं सांगतो. पाणी कुणाची हाक ऐकत नाही. ते उताराला जातं. वर दार उघडलं की खाली येतं, आणि मधे उभा असलेला माणूस भक्त आहे का नाही हे बघत नाही. जो तुम्हाला पात्रात उभं करतो तो स्वतः कुठं उभा आहे, ते आधी बघा. आणि त्याला आधी कसं कळतं, हे विचारा. साळूनं विचारलं होतं. उत्तर मिळेपर्यंत ती थांबली असती तर आज घरी असती.

धरणाचे लोक म्हणतात, वायर पुन्हा तोडणार नाही असं ग्रामसभेनं कबूल करावं, आम्ही लगेच जोडतो. मी ग्रामसभेत हात वर केला. मॅडम गावच्या नाहीत, त्यांना हात वर करता येत नाही. बाकीचे म्हणाले, भोंगा वाजला तर साळूमाई दचकेल.

अमावास्या जवळ आली आहे. भोंगा जोडायचा राहिला आहे.