कोंडीरामांची शनिवारची पेटी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, माझा भाता आता दमला आहे, म्हणून जरा थांबत थांबत सांगते.

गिरगावातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, तेव्हा मी लालबाग-परळच्या सभांत गाणाऱ्या पथकाबरोबर हिंडले. शाहिरांना हार मिळत. मला धूळ आणि धक्के. दोन वर्षांत भाता फाटला. पथकाने नवी पेटी घेतली आणि मला परळच्या चाळीत जिन्याखाली ठेवले. खरे सांगू? मला बरेच वाटले.

पण त्याच चाळीतल्या कोंडीरामांनी मला उचलले. तीस वर्षे गिरणीत माग चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. "आता वेळच वेळ. पेटी शिकतो," म्हणाले. भात्याला ठिगळ लावून ते रोज दुपारी दोन-दोन तास वाजवत. माझे अंग ठणके, त्यांचा चेहरा मात्र खुले.

चाळीच्या शनिवारच्या भजनात वाजवायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. पहिल्याच शनिवारी अभंग संपला तरी आम्ही वाजवतच राहिलो. सगळे हसले. भजन गाणारे शामरावबुवा ओरडले, "कोंडीराम, गिरणी सुटली रे, माग बंद कर! पुढल्या शनिवारी असंच झालं तर दुसरा पेटीवाला बघतो."

घरी येऊन कोंडीरामांनी मला फडक्यात गुंडाळले. "झालं, देऊन टाक कुणाला."

त्यांची बायको सुंदराबाई त्यांच्यासमोर बसल्या. त्याही गिरणीत कांड्यांवर सूत भरायला होत्या. तिथे कुणाचेच कुणाला ऐकू येत नसे. सगळे ओठांवरूनच बोलणे ओळखत. त्यांनी आवाज न काढता ओठ हलवले. कोंडीराम चटकन म्हणाले, "चहा? टाक की!"

"हे कळतं ना? मग बुवांच्या बाजूला कशाला बसता? तोंडासमोर बसा!"

पुढल्या शनिवारी आम्ही बुवांसमोर बसलो.

"अरे, लोकांकडे पाठ? बरं दिसतं का?" बुवा म्हणाले.

"बरं दिसायला नाय, बरं वाजवायला बसलोय."

अभंग संपताना बुवांचे ओठ मिटले आणि माझा शेवटचा सूरही तिथेच थांबला. बुवा घाम पुसत म्हणाले, "पुढल्या शनिवारी लवकर ये रे."

मित्रांनो, माझ्या दोन पट्ट्या आता उठत नाहीत. तरी शनिवार चुकत नाही. घरातले म्हातारे माणूस काही नवे शिकू लागले, तर हसू नका. त्याला कुठे बसवले म्हणजे जमेल, तेवढे बघा. आणि वाजवून झाल्यावर आमच्यावर एक फडके टाका. आम्हालाही दम लागतो.