चुकांचा विमा

माणूस मेला, बैल मेला, दुकान जळलं, ट्रक उलटला, या सगळ्यांचे विमे मी बावीस वर्षं उतरवले. सिंदीत वासुदेवराव एजंट म्हटलं की कोणीही घर दाखवतं. पण २००६ साली माझ्याच पोरीनं, आकांक्षानं, एक फॉर्म समोर टाकला आणि माझी मती गुंग झाली.

आकांक्षा नागपूरला जाऊन-येऊन नोकरी करायची. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे लिहितात ते कॉम्प्युटरवर वाचायचं आणि प्रत्येक रोगाला त्याचा ठरलेला नंबर द्यायचा. त्या नंबरावर तिकडच्या दवाखान्यांची बिलं निघतात म्हणे. आता कंपनीनं सगळ्यांना कंत्राटावर टाकलं होतं. ज्यानं त्यानं आपल्या चुकांचा विमा काढून आणावा, नाहीतर काम बंद.

"यात मरते कोन?" मी विचारलं.

"कोनीच नाई, बाबा."

"मंग जळते काय?"

"काईच नाई. माह्या हातून चुकीचा नंबर पडला अन् त्याईचं नुकसान झालं, तर विमेवाले भरून देतीन."

"चूक तुही, नुकसान त्याईचं, अन् भरनार तिसराच? मंग वारस कोन लिहू?"

"वारस नसते यात."

वारस नसलेला विमा! मी चष्मा पुसून फॉर्म पहिल्यापासून वाचला. तरी काही उमजेना. पण पोरीसमोर हार कशी मानायची? मी पेन काढलं आणि मागच्या पानावरचे प्रश्न सवयीनं उरकून टाकले. तिथे काहीही विचारलेलं असो, 'नाही' लिहायचं, ही आमच्या धंद्याची रीत. गिऱ्हाइकाला एकेक विचारत बसलो तर एक पॉलिसी व्हायची नाही.

आकांक्षाचा चेहरा उतरला. "बाबा, सातवा प्रश्न वाचला काय?"

तेव्हा कुठे मी तो वाचला. पुढे दावा होऊ शकेल अशी एखादी चूक आपल्या माहितीत आहे काय?

"आहे?" मी विचारलं.

"एक बाई होती तिकडची. डॉक्टरनं लिहिलं, टीबी असू शकते, तपासा. आपल्याकडं डॉक्टर असं बोलला का गोळ्याच सुरू होतेत. मी टीबीचाच नंबर टाकला. तिकडं नुसता संशय असन तर तो नंबर द्याचा नसते. मागच्या महिन्यात समजलं मले. कोनाले सांगतलं नाई." तिनं फॉर्म आपल्याकडे ओढला. "आता 'हो' लिहिलं तर कामावरून काढतीन."

"मंग राहू दे 'नाई'. त्याईले काय सपन पडते?"

"तुमचं एखादं 'नाई' कधी उलटलं काय, बाबा?"

'छट्' म्हणायला तोंड उघडलं आणि रुख्माबाई आठवली. तिच्या नवऱ्याला साखरेची बिमारी होती. माझ्याच ओट्यावर बसून त्यानं मला तसं सांगितलं होतं. तरी त्याच्या फॉर्मवर मी सवयीनं 'नाही' लिहिलं. तो गेल्यावर दावा नामंजूर झाला, तेव्हा मी तिला म्हणालो, "तुह्या मालकानंच लपवलं, बाई." ती अजून त्याच्यावर चिडलेली आहे. मला माझीच लाज वाटली.

मी सातव्या प्रश्नापुढचं 'नाही' खोडलं आणि पेन आकांक्षाकडे दिलं. तिनं 'हो' लिहिलं, खाली त्या बाईची सगळी हकिकत लिहिली.

मग पेन ठेवत तिनं विचारलं, "कोनाचं उलटलं होतं, बाबा?"

"कोनाचंच नाई," मी म्हणालो.