मोळीसकट तपासणी

अंग बाहेर येतं, हे मला सांगायला बुधीनं सहा वर्षं घेतली. सिद्धगडाखालच्या आमच्या पाड्यात मी आशा कार्यकर्ती आहे. कोणाला कितवा महिना, कोणाच्या पोराला कितवी लस, माझ्या वहीत सगळं सापडतं. या दुखण्याला रकाना नाही. शेवटी विहिरीवर हंडा टेकवताना ती म्हणाली की दुपारनंतर खाली कांद्याएवढं काहीतरी लोंबतं, आणि खोकलं की साडी ओली होते.

तिला डॉक्टरकडे नेताना शहाणपण मी केलं, ते आधी नोंदवते. म्हटलं, दोन दिवस जड उचलू नको, पडून राहा, आणि सकाळी अंघोळ करून पहिल्या नंबरला चल. पाहुणे येणार म्हणून घर सारवतात, तसं आम्ही डॉक्टरसाठी शरीर सारवून नेतो.

एका ट्रस्टचा दवाखाना दर गुरुवारी हायस्कूलच्या खोलीत भरतो. हेतल मॅडम त्यासाठी शहरातून येतात. पडद्यामागे बुधी टेबलावर आडवी झाली, मॅडमनी तपासलं. मी घड्याळ बघितलं, दीड मिनिट. दोन दिवसांच्या आरामानं तिचं अंग कधीच आत जाऊन बसलं होतं. कागद मिळाला, 'तपासणीत दोष नाही', आणि वर कॅल्शियमच्या गोळ्या.

त्या कागदाइतका कामाला आलेला कागद आमच्या पाड्यात दुसरा नसेल. तो बुधीच्या नवऱ्यानं, धाऊनं, शर्टाच्या खिशात ठेवला. ती कंबर धरून बसली की तो बाहेर काढायचा. पारावरचे त्याला विचारायचे, काय रे, बायकोचं अंग आज कामावर आलं का? सासू सावळी रोज ऐकवायची की आमी काय बाया नव्हतो, आमी नाय वाहिलं काय? पावसाच्या आधी सरपण भरायचं असतं. बुधीच्या वाट्याला रानातून रोज एक मोळी, आणि आता तर तिला ती 'दोष नाही' अशा लेखी पुराव्यासह आणावी लागत होती.

मला धाऊचा राग आला, मॅडमचा आला, पण मला जास्त खाल्लं ते मीच सांगितलेल्या त्या दोन दिवसांनी. मी बुधीकडे गेले. म्हटलं, परत जाऊ. या खेपेला दुपारी, काम करून.

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "काम करून कशाला? काम घेऊनच येतंय."

गुरुवारी ती मोळी डोक्यावर घेऊन निघाली. वाट चार किलोमीटरची. बाजूला मी, आणि मागे मोटरसायकलवर धाऊ, पहिल्या गिअरमध्ये, तमाशा करू नको म्हणत. चारही किलोमीटर तो तेच म्हणत आला. मोळी गाडीला बांध, असं एकदाही म्हणाला नाही.

शाळेच्या ओट्यावर मोळी पडली तशा रांगेतल्या बाया सरकून बसल्या. मॅडम म्हणाल्या की तुम्हाला मागं तपासलंय. बुधी टेबलाकडे गेलीच नाही. पडद्यामागे पाय फाकवून उभी राहिली.

"मॅडम, मी निजली का ते पण निजतं. दिवसभर मी उभी असतंय ना? तशीच बघा. खोकू का?"

ती खोकली. मॅडम खाली बसल्या आणि त्यांनी पाहिलं. या वेळी बावीस मिनिटं लागली. बाळंतपणं किती, विचारलं. चार. कामाला कितव्या दिवशी लागलीस? बाराव्या. मॅडमनी समजावलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडून गर्भाशय खाली घसरलंय. मग मला म्हणाल्या, "चूक माझी. खोकायला मी सांगायला हवं होतं." डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य मी दहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी आतून आधार द्यायला मऊ रिंग बसवली आणि तीन महिन्यांनी ती धुवायला यायला सांगितलं. लघवी अडवतो तसं आवळून धरायचा व्यायाम दिला. एवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन.

मग धाऊला आत बोलावलं. त्यानं खिशातला कागद काढून पुढे धरला. मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली, नवा लिहिला आणि त्याला वाचून दाखवला, डोक्यावर ओझं बंद. धाऊनं विचारलं, मग मोळ्या कोण आणणार?

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. "ती गाडी कोणाची?"

परत येताना मोळी गाडीवर आली. दोरीचे दोन वेढे लागले, एवढंच. गाडीला सात वर्षं झाली आहेत. सात वर्षांच्या मोळ्या मोजायला बसले आणि अर्ध्यात वही मिटली. पुढचा आकडा बघवला नसता.

सावळीनं त्या दिवसापासून टोमणा मारला नाही. पुढच्या बुधवारी ती माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली. बराच वेळ कोंबड्यांचंच बोलली. उठता उठता म्हणाली, "माझं पण तसंच हाय. तीस वर्सं झाली." आणि मग, पदर सारखा करत, "उद्याला मला पण मोळी न्यावी लागंल का गो?"

मी म्हटलं, "नाय, मावशी. तुमी गाडीवर बसायचं. मी येतंय चालत."