पुठ्ठ्याआडची तुळई

मी तुळई बोलतेय. लाकडाची, जुन्या पद्धतीची, घराचं छत अंगावर घेऊन आडवी राहणारी. फरगाना खोऱ्यातल्या एका गावात एर्गाशचं घर आहे, त्याच्या पाहुण्यांच्या खोलीवर मी आहे. नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठलेय, म्हणून थोडी जास्त बोलले तर सांभाळून घ्या. बरीच वर्षं माझं तोंड बंद केलेलं होतं.

आमच्याकडे मुलगा झाला की बाप त्याच वर्षी पाटाच्या कडेला तेरकाची रोपं लावतो. तेरक म्हणजे सरळसोट उंच जाणारं झाड. पोरगा आणि झाडं एकाच पाण्यावर वाढतात. पोराचं लग्न ठरलं की झाडं तोडायची आणि त्याच्या घरावर घालायची. तोख्तासिनला एर्गाश झाला तेव्हा लावलेल्या रोपांतली मी एक. म्हणजे नात्याने मी एर्गाशची बहीण लागते, आणि बहिणीचा हक्क मी कधी सोडलेला नाही.

लहानपणी बापाचा मार चुकवायला तो माझ्यामागे लपायचा. तेव्हा माझी जाडी त्याच्या मनगटाएवढी होती, त्यामुळे दरवेळी सापडायचा. तरी पुढच्या वेळी पुन्हा माझ्याचमागे. शहाणपण त्याला जरा उशिरानेच सुचतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

त्याचं लग्न झुलैहोशी ठरलं तेव्हा मला तोडलं. गल्लीतल्या कांबार सुताराने माझी साल काढली, सावलीत वाळवलं आणि भिंतीवर चढवलं. माझ्यावर किलचण, म्हणजे बारीक लाकडांचा थर, किलचणावर बोरूच्या चटया, त्यावर माती आणि सगळ्यांत वर भुसा कालवलेल्या मातीचा गिलावा. असं आमचं धाबं. उन्हाळ्यात त्यावर जर्दाळू वाळत पडायचे आणि त्यांचा वास माझ्यापर्यंत उतरायचा.

धाब्याच्या घराला माया लागते. दर शरदात, इथल्या हिवाळी पावसाआधी, नवा गिलावा चढवावा लागतो, पन्हळीतला पाला काढावा लागतो. हे एकट्याचं काम नाही, त्यासाठी हशर असते. सगळा मोहल्ला आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. मजुरी नाही, पोटभर पुलाव आणि मनसोक्त थट्टा. विजारी गुडघ्यापर्यंत वर करून पुरुष माती तुडवायचे. एर्गाश तुडवायला सर्वांत पुढे असायचा. पुलावालाही.

कधी कुठे पाणी मुरलंच तर दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर पिवळट डाग उमटायचा. आम्हा तुळयांना बोलता येत नाही, डाग हीच आमची हाक. हनिफा-बुवी, म्हणजे एर्गाशची आई, सकाळी चहा पिताना सवयीने वर बघायची. डाग दिसला की म्हणायची, "एर्गाश, बहीण रडतेय वर." तो कुरकुरत शिडी लावायचा, वर मातीचा गोळा थापायचा, आणि उन्हाने मी पुन्हा कोरडी व्हायचे. एवढंच माझं औषध होतं.

मग तोख्तासिन वारला आणि एर्गाश कामासाठी रशियात गेला. तिथे तो मोठमोठ्या इमारतींतले फ्लॅट सजवायचा. काही वर्षांनी परत आला तो डोक्यात वेगळंच घर घेऊन. आल्या आल्या माझ्याकडे बघून म्हणाला की या काळ्या लाकडांची आता लाज वाटते. मी ऐकून घेतलं. भाऊ परदेशातून आला की असं काहीबाही बोलतो, उतरेल चार दिवसांत, असं मला वाटलं.

उतरलं नाही. त्याने धाब्यावर डांबरी कागद अंथरला, खिळे ठोकले आणि जाहीर केलं की या घराला आता मातीची गरज नाही. मग खोलीत माझ्याखाली जिप्समचे पांढरे तक्ते लावले. हनिफा-बुवी त्यांना पहिल्या दिवसापासून पुठ्ठाच म्हणायची. त्यात छोटे छोटे दिवे बसवले. अख्खा मोहल्ला बघायला आला आणि त्याला युरोपवालं छत म्हणू लागला. कांबारही आला आणि म्हणाला की लाकूड असं दोन्हीकडून कोंडू नये, त्याला वारा लागतो. त्यावर एर्गाशने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं की उस्ता, तुम्ही पाळणे करा, छतं आता शिकलेल्या लोकांनी करायची असतात. कांबारने चहा अर्धा ठेवला आणि निघून गेला. मी वर अंधारात होते, तरी मला त्याचं वाईट वाटलं.

त्यानंतर एर्गाश कोणाच्या हशरला गेला नाही. बोलावणं आलं की याची पाठ दुखायची. स्वतःच्या छताला कुणाची गरज उरली नव्हती, मग दुसऱ्याची माती कशाला तुडवायची, असा त्याचा हिशेब होता. झुलैहो एकदोनदा बोलली. मग तिने बोलणं सोडून दिलं आणि ज्या घरी हशर असेल तिथे ती स्वतःच भाकऱ्या घेऊन जाऊ लागली.

आणि मी? पन्हळीजवळचा एक खिळा सैल झाला. त्यातून पाणी आत यायला लागलं. पूर्वीही यायचं, पण वरून ऊन लागायचं, खालून वारा लागायचा. आता वर डांबर, खाली पुठ्ठा. आलेलं पाणी जाणार कुठे? माझं भिंतीतलं टोक भिजलं, मऊ पडलं, मग कुजायला लागलं. डाग मी उमटवले, एकावर एक उमटवले. खाली सगळं पांढरंशुभ्र होतं. लोक मान वर करून म्हणायचे, काय सुंदर छत आहे.

अशात एर्गाशच्या मुलाचं, मुरोदचं लग्न ठरलं. शरदात, कापणी झाल्यावर. आमच्याकडे सून घरात येते तेव्हा बायका याच खोलीत दाटीवाटीने बसतात आणि बाहेरची तुतारीवाली मंडळी बघायला निम्मा गाव धाब्यावर चढतो. माझ्या खाली बायका, माझ्या वर माणसं. मला माझं टोक ठाऊक होतं. ते एवढं ओझं पेलणार नव्हतं.

खरं सांगते, मला तेव्हा फार भीती वाटली. मोडायची नाही, लाकूड आज ना उद्या मोडतंच. पण ज्याच्या जन्माला मला लावलं, त्याच्याच सुनेच्या डोक्यावर मी कोसळणार होते. वारा नसताना मी कुरकुरायला लागले. एर्गाश म्हणाला, उंदीर आहेत.

वाचवलं ते हनिफा-बुवीच्या हट्टाने. सून उंबऱ्यात यायच्या आधी छताला हरमल या रानवनस्पतीची जुडी टांगायची, म्हणजे नजर लागत नाही, ही इथली रीत. आणि बुवीचं म्हणणं, जुडी तुळईलाच बांधायची.

एर्गाश म्हणाला, "आई, तक्त्याला हूक लावून देतो. दिसायलाही छान दिसेल."

"माझ्या सासूने तुळईला बांधली, मी तुझ्या बायकोसाठी तुळईला बांधली. आता मुरोदच्या बायकोसाठी पुठ्ठ्याला बांधू?"

"कोणाला कळणार आहे?"

"नजरेला कळतं."

लग्नाच्या धावपळीत आईशी वाद नको म्हणून तो स्टुलावर चढला आणि भिंतीजवळच्या तक्त्यात त्याने करवतीने एक चौकोन कापला. किती वर्षांनी माझ्या अंगाला उजेड लागला. त्याने दोरी गुंडाळायला हात आत घातला आणि त्याची बोटं माझ्यात रुतली.

तो थांबला. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने टोचून बघितलं. तो मुठीपर्यंत आत गेला. खाली बुवी जुडी घेऊन उभी होती, विचारत होती की झालं का बांधून. एर्गाश स्टुलावरून खाली उतरला. त्याने हळूच तिचा दंड धरला आणि म्हणाला, "आई, आधी तू या खोलीतून बाहेर चल."

आणि मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. मी अजून कुजलेलीच होते, पण निदान कळलं तरी. दुखणं लपून राहण्यापेक्षा चव्हाट्यावर आलेलं बरं वाटतं, हे मला त्या दिवशी समजलं.

त्याच दुपारी अंगणात नवराबायकोचं बोलणं झालं. खिडकी उघडी होती. एर्गाश म्हणत होता, लग्न पुढे ढकलू. झुलैहोने सांगितलं की मुलीकडची भाकर मोडून झालीय, म्हणजे शब्द पक्का झालाय, आता ढकलता येत नाही. त्यापेक्षा हशर बोलवा.

"कोण येईल? मी कुणाकडे गेलो इतकी वर्षं?"

"गेला नाहीत, ते खरंच आहे," झुलैहो म्हणाली. "म्हणूनच आता जा. स्वतः."

संध्याकाळी तो मशिदीत गेला. तिथे काय झालं ते झुलैहो दुसऱ्या दिवशी बहिणीला फोनवर सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. वाटेत त्याने पुष्कळ शब्द जुळवले होते म्हणे. नमाज झाल्यावर उभा राहिला आणि सगळे विसरला. एवढंच बोलला की माझं छत कुजलंय, घरात लग्न आहे, मला मदत हवी. एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठलं छत, ते युरोपवालं? लोक हसले. हो म्हणालं कोणी नाही आणि नाहीही म्हणालं नाही.

सकाळी एर्गाश फाटकाशी उभा राहून झाडत होता. झाडलेलंच पुन्हा झाडत होता. त्याची दुसरीही पंचाईत होती. गिलाव्याची माती भुसा घालून आधी चांगली मुरवावी लागते. शरदात प्रत्येक अंगणात मातीचा खड्डा मुरत असतो, फक्त याच्या अंगणात नव्हता. या घराला मातीची गरज नाही, असं यानेच जाहीर केलं होतं. माणसं आलीच असती तरी थापणार काय?

मग हातगाडीचं चाक कुरकुरलं. कांबार होता. गाडीत काठोकाठ मुरलेली माती.

एर्गाशने झाडू खाली ठेवला. "उस्ता, ही तर तुमच्या धाब्याची माती."

"हो."

"मग तुमचं छत?"

"माझ्याकडे यंदा लग्न नाही," कांबार म्हणाला. "सरक बाजूला, गाडी जड आहे."

त्याच्यामागून बाकीचे आले. कोणी फावडं, कोणी घमेलं, कोणी नुसतीच जीभ घेऊन. एकाने विचारलं की एर्गाश-अका, पाठ कशी आहे आता? दुसरा म्हणाला, आज नाही दुखायची, आज स्वतःचं घर आहे. एर्गाश खाली मान घालून सगळं ऐकत होता आणि माती तुडवत होता. पुलावही त्याने स्वतःच्या हाताने केला. तांदूळ जरा करपला, तेही लोकांनी त्याला ऐकवलं.

तुम्हाला घर असेल तर पुढचं नीट ऐका. आधी माझ्या पोटाखाली दोन खांबांचा भक्कम टेकू लावला. मग वरचा डांबरी कागद फाडला, टोकावरची ओली माती काढली. कांबारने बोटांनी चाचपत जिथे लाकूड खणखणीत लागलं तिथपर्यंतचं कुजकं कापून टाकलं. दोन्ही अंगांना कोरड्या लाकडाचे जाड दांडे लावून आरपार बोल्ट आवळले. भिंतीत टोक परत मातीत नाही गाडलं, दगडाच्या पाटावर ठेवलं आणि भोवती वाऱ्याला जागा सोडली. मग नव्या चटया, माती, गिलावा, आणि पन्हळीकडे व्यवस्थित उतार. बोल्ट आवळताना दुखलं, पण ते दुखणं बरं होण्याचं होतं.

पुठ्ठा सगळा उतरवला. दोन तक्ते कोंबड्यांच्या खुराड्याला लागले, त्यामुळे आमच्या कोंबड्या सध्या युरोपात राहतात. जाताना कांबार एर्गाशला म्हणाला, दिवे मात्र चांगले होते, ते लाव तुळईला. एर्गाशने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण कांबारने बोलू दिलं नाही, आपल्या खड्ड्यात नवी माती भिजत घालायचीय म्हणाला. तेव्हा एर्गाशने फावडं उचललं आणि त्याच्याबरोबर निघाला.

लग्नाच्या दिवशी ऊन छान होतं आणि गिलावा सुकला होता. तुताऱ्या वाजल्या. माझ्या वर पावलांची दाटी झाली, खाली बायकांची. माझ्या नव्या टोकावर सगळं वजन आलं, आणि ते तसूभरही हललं नाही. सून नोझिमा उंबऱ्यात आली, वाकून सगळ्यांना सलाम करू लागली. तिच्याकडे सगळे बघत होते, एकटा एर्गाश दाराशी उभा राहून मान वर करून माझ्याकडे बघत होता. डोळ्याची पापणी हलत नव्हती त्याची.

हनिफा-बुवीने त्याला कोपराने ढोसलं. "एर्गाश, छत धरलंय तिने. आता खाली बघ, सून आलीय तुझी."

त्याने खाली बघितलं. मग तो रडलाही आणि हसलाही. वरून मला दोन्ही दिसलं.

सध्या माझं बरं चाललंय. अंगावर दोन बोल्ट आहेत, एक दांडा जरा वेगळ्या रंगाचा आहे, आणि नोझिमा सकाळी चहा ओतताना वर बघायला शिकलीय. तुमच्याकडे तुळई असो, सळई असो, नळ असो की भिंत, ज्याच्या भरवशावर तुम्ही झोपता ते झाकायच्या आधी त्याला बोलायला थोडी जागा ठेवा, आणि वर्षातून एकदा मान वर करून विचारपूस करा. बाकी वर्षभर खुशाल खाली बघा, जेवा, भांडा, लग्नं करा. वर आम्ही आहोत.