हिऱ्याचं पोतं

पोत्याच्या भोकातून मेंढ्याचं डोकं बाहेर काढता काढता त्रिंबक घामाघूम झाला. मेंढा काही केल्या ऐकेना. ऐकेल तरी कसा? तो मुळी त्याचा नव्हताच. मेहुण्याचा, फकिराचा, सकाळीच मागून आणलेला.

त्रिंबकचा मेंढा हिऱ्या. महिन्यापूर्वी बिडकीनच्या कबड्डीत गावचा संघ जिंकला, तसा हा बहाद्दर हिऱ्याला ‘बळीधन पशुखाद्य’चं रिकामं पोतं बनियनसारखं घालून थेट मैदानात घुसला होता. हिऱ्यानं पंचालाच ढुशी दिली. लोक हसून हसून लोळले, व्हिडिओ पार मुंबईपर्यंत गेला. पोतं तेवढं बळीधनचं, कुणाच्या तरी उकिरड्यावरून उचललेलं. त्यातलं खाद्य त्रिंबकच्या मेंढरांनी कधी चाखलं नव्हतं. यंदा तळं आटलं, आणि चराईच्या रानाला कारखान्यांची तारेची कुंपणं पडली. गेल्या गुरुवारी त्यानं हिऱ्या बाजारात नेला. कसायानंच घेतला. आणि शनिवारी बळीधन कंपनीचा फोन! दोन दिवस आधी आला असता तर काय बिघडलं असतं?

"मेंढा आहे ना? त्याच्यासोबत तुमचा फोटो हवाय. तीस पोती खाद्य देतोय आम्ही."

मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळीत आठ मेंढ्या उभ्या होत्या, नुसत्या बरगड्या. त्रिंबक बोलून गेला, "हाय की."

आता कंपनीची हिमानी टेम्पो आणि फोटोवाला घेऊन शहरातून आली होती. मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवून ती एकदा त्यात बघे, एकदा मेंढ्याकडे.

"मामा, यात त्याचा डावा कान फाटलेला दिसतोय."

त्रिंबकचा हात आपसूक त्या धडधाकट कानावर गेला. त्याची बायको बानाबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"व्हय... फाटका व्हता," त्रिंबक म्हणाला.

हिमानी जाळीतल्या मेंढ्यांकडे बघत राहिली. मग फोटोवाल्याला म्हणाली, "उजव्या बाजूनं घे रे."

फोटो निघाला. पोती उतरली. बानाबाईनं पहिल्याच पोत्याची शिवण दातानं तोडून घमेलं भरलं, तशा मेंढ्या एकमेकींवर पडल्या.

निघताना हिमानी चाचरली.

"मामा, ते घातलेलं, व्हिडिओतलं पोतं द्याल? साहेबांना ऑफिसात काचेत लावायचंय."

"न्या की. धुऊन देऊ का?"

"नको, आहे तसंच द्या."

त्रिंबकनं मेंढ्याच्या अंगातलं पोतं काढलं आणि तिच्याकडं पाठ करून खाली बसला. भोकांच्या कडांना लोकर अडकली होती. फकिराच्या मेंढ्याची नुसती काळी, हिऱ्याची टोकाला तांबूस. दुसऱ्या कुणाला फरक कळला नसता. तो तांबूस केस एकेक वेचून मुंडाशाच्या सोग्यात ठेवू लागला. डोळे भरले की दिसेना, मग बाहीनं पुसून पुन्हा वेचू लागला.

टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

"थांब जरा," हिमानी म्हणाली. "होऊ दे त्यांचं."